कडबा कुट्टीच्या जाहिरातीसाठी कीवर्ड टूल कोणतं घ्यावं? (बजेट महिना १५ हजार, सगळं धरून)

मंठेकर (धागाकर्ता) · सोमवार, रात्री १०:२०

राम राम मंडळी.

जालना एमआयडीसीत मामांचं कडबा कुट्टी मशीन बनवायचं छोटं युनिट आहे. वेल्डिंग, लेथ, रंगकाम धरून नऊ माणसं. मी कॉम्प्युटर शिकलेला भाचा, त्यामुळे 'ते ऑनलाईनचं तू बघ' म्हणून जाहिरातीचं काम माझ्या गळ्यात. वेबसाइट आहे, गूगल ॲड्सचं अकाउंट आहे.

मागच्या वर्षी एका एजन्सीला काम दिलं होतं. त्यांनी चारशे कीवर्डची (लोक गूगलवर जे शब्द शोधतात त्यांची) एक्सेल शीट दिली. रंगीत खाने, व्हॉल्यूम (महिन्याला किती शोध), डिफिकल्टी, सीपीसी (एका क्लिकचा खर्च), सगळं झकास. पहिल्या ओळीत इंग्रजी 'चाफ कटर' (म्हणजे कडबा कुट्टीच), दुसरीत 'चाफ कटर मशीन', तिसरीत 'चाफ कटर मशीन प्राइस'. तीन महिने पैसे गेले. फोन आले ते राजस्थान आणि यूपीतून, 'भैया, डीलरशिप मिलेगी क्या?' आमचा माल जालना, बीड, परभणी, हिंगोली, फार तर बुलढाण्यापर्यंत जातो. एक मशीन लखनौला पाठवायचं तर भाडंच मशीनच्या अंगावर येतं.

आता मामा म्हणतात, महिन्याला १५ हजार देतो. त्यात टूल घे नाहीतर जाहिरात कर, पण सोळावा हजार मागू नको.

सेमरश, एचरेफ्स ही टूलची नावं सगळीकडं ऐकतो. दोन्हीचे नेहमीचे प्लॅन महिना शंभर डॉलरच्या पुढं आहेत, म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा टूलमध्येच. घ्यावं का? का फुकटच्या कीवर्ड प्लॅनरवर भागतं? ज्यांनी आपल्याकडच्या धंद्यासाठी वापरलंय त्यांनीच सांगा. यूट्यूबवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून झालेत.

तिरकस · सोमवार, रात्री १०:४१

मामांना सांगा, १५ हजारात आठवडी बाजारात भोंगा लावून रिक्षा फिरते. कीवर्ड एकच: 'या या या'.

गोदाकाठ · सोमवार, रात्री ११:३०

तिरकसराव, रिक्षा खरंच वाईट नाही. असो.

मंठेकर, मी नांदेडला हॉटेल आणि लॉजच्या जाहिराती बघतो, आठ वर्षं झाली. टूल घ्यायच्या आधी त्या एक्सेल शीटवर व्हॉल्यूमच्या खान्यात देश कोणता होता ते बघा. सेमरश, एचरेफ्स यांचे आकडे बहुतेक देशाच्या पातळीवरचे असतात. 'इंडिया' निवडलं की पंजाबच्या डेअरीवाल्यापासून तमिळनाडूपर्यंत सगळ्यांचा एकच आकडा. त्यात तुमचा परभणीचा शेतकरी किती, हे त्या खान्यात कुठंच नसतं. आणि तो आकडाही अंदाजच असतो, मोजणी नव्हे.

जिल्हा निवडून आकडा बघायचा तर गूगलचा कीवर्ड प्लॅनर. तो ॲड्सच्या आतच आहे, वेगळे पैसे नाहीत. लोकेशनमध्ये जालना, बीड, परभणी, हिंगोली टाका. अडचण एवढीच की २०१६ पासून ज्यांचा खर्च किरकोळ आहे त्यांना नेमका आकडा न देता टप्पा दाखवतात: १० ते १००, १०० ते १ हजार, १ हजार ते १० हजार. आता १०० आणि १ हजार यात केवढं अंतर आहे! एकात महिन्याला दोन मशीन जातील, दुसऱ्यात वीस. मी काय करतो, कीवर्ड निवडून 'फोरकास्ट' बघतो. अमुक बोली (एका क्लिकला जास्तीत जास्त किती देणार) लावली तर साधारण किती क्लिक, किती खर्च, हे तिथं जरा बारीक कळतं.

त्यातला 'कॉम्पिटिशन' खाना बघून फसू नका. लो, मीडियम, हाय हे जाहिरात देणाऱ्यांच्या गर्दीचं माप आहे. सेमरश-एचरेफ्समधली 'डिफिकल्टी' म्हणजे फुकटच्या रिझल्टमध्ये वर यायला किती जड, ते. एजन्सीच्या शीटमध्ये हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवतात आणि गिऱ्हाईक दोन्ही एकच समजतं.

आणि १५ हजारातून १८ टक्के जीएसटी वजा धरा. जाहिरातीला साधारण १२,७०० उरतात, म्हणजे दिवसाला चारशेच्या आसपास. मामांचा जीएसटी नंबर अकाउंटला जोडला का? नसेल तर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट हातचं जातंय.

पैठणगेट · मंगळवार, सकाळी ८:०५

मी थोडी उलटी बाजू मांडतो. संभाजीनगरला आमची चार जणांची एजन्सी आहे (मंठेकरांची ती एजन्सी आम्ही नव्हे, आधीच सांगतो). आम्ही पैसे भरून टूल वापरतो आणि ते वसूल होतं. पण आमच्याकडं अकरा गिऱ्हाईकं आहेत, खर्च त्यांच्यात वाटला जातो. समोरच्याच्या साइटला कुठल्या शब्दांवर लोक येतात, कोण त्याला लिंक देतं, त्याची कुठली पानं वर आहेत, हे फुकटात नीटसं कळत नाही. लेख लिहून वर यायचं असेल तर टूल लागतं.

एका मशीनच्या कारखान्याला दर महिन्याला लागतं का? नाही. फार तर एक महिना घ्या, हवं ते एक्स्पोर्ट करून ठेवा, बंद करा. प्लॅनरमध्येही 'वेबसाइटपासून सुरू करा' असा पर्याय आहे. तिथं लुधियाना किंवा राजकोटच्या एखाद्या मोठ्या मशीनवाल्याचा पत्ता टाका, गूगल त्या पानावरून शब्द सुचवतं.

आता आमच्या शहराचं रडगाणं. २०२३ मध्ये अधिकृत नाव बदललं. लोक शोधताना 'औरंगाबाद' टाइप करतात, 'संभाजीनगर' करतात, 'छत्रपती संभाजीनगर' करतात, आणि रोमन लिपीत तर स्पेलिंगला धरबंध नाही. एका पैठणीच्या दुकानासाठी आम्ही नुसतं 'औरंगाबाद' घेतलं आणि लोकेशन भारत ठेवलं. बिहारमध्येही औरंगाबाद जिल्हा आहे हे त्या दिवशी भूगोलाच्या पुस्तकाबाहेर कळलं. तिकडच्या मंडळींना पैठणी नको होती, त्यांना लग्नाचा लेहंगा हवा होता.

बालाघाट · मंगळवार, दुपारी १:१५

मी बीड जिल्ह्यातला. माझ्याकडं चाळीस शेळ्या हायत. जाहिरातीतलं काही कळत नाही, पण कुट्टी मशीन घ्यायचीय म्हणून हा धागा वाचायलो.

एक सांगतो. 'चाफ कटर' हा शब्द मी आयुष्यात टाइप केला नाही. कामून करीन? आमच्याकडं 'कुट्टी मशीन' म्हणतेत. मी तर टाइपच करीत नाही, माइकचं बटन दाबून बोलतो. परवा काय बोललो ते सांगतो: 'घरच्या लाईटवर चालणारी कुट्टी मशीन'. कारण शेतात थ्री फेज कधी रातच्याला, कधी दिवसा. शेळ्या घराजवळ, मशीन घराजवळ. घरच्या मीटरवर चालली तर घेणार, न्हाईतर नाही. वर आलं ते सगळं हिंदी.

आन अजून एक. आमचा शेजारचा जिल्हा धाराशिव झाला, पण शेळी 'उस्मानाबादी'च हाय. कुणी 'धाराशिवी शेळी' शोधत नाही.

गोदाकाठ · मंगळवार, दुपारी १:३२

मंठेकर, तुमचं टूल आलं बघा. बीडहून, फुकट.

मंठेकर · मंगळवार, रात्री ९:५०

बालाघाट दादा, तुमचा प्रतिसाद मामांना वाचून दाखवला. ते म्हणाले, 'हे तर रोज फोनवर विचारतात.' आमच्या वेबसाइटवर मात्र सगळीकडं 'सिंगल फेज २ एचपी मोटर' असं लिहिलंय. 'घरची लाईट' हा शब्द अख्ख्या साइटवर नाही!

प्लॅनरमध्ये 'घरच्या लाईटवर चालणारी कुट्टी' टाकून बघितलं. आकडाच नाही, नुसती रेघ. म्हणजे कुणी शोधतच नाही असं समजायचं का?

आणि मागच्या जाहिरातींचा 'सर्च टर्म्स' रिपोर्ट आज पहिल्यांदा उघडला, म्हणजे लोकांनी खरं काय टाइप केल्यावर आपली जाहिरात दिसली ती यादी. एजन्सीनं 'कुट्टी' हा शब्द रोमन लिपीत ब्रॉड मॅचला (जवळपासचे शब्द शोधले तरी जाहिरात दिसते) टाकला होता. सापडलेली रत्नं:

'कुट्टी पाप्पा'. 'कुट्टी मूव्ही तमिळ'. 'कुत्ती का बच्चा प्राइस'. 'जर्मन शेफर्ड कुत्ती फॉर सेल'.

रोमन लिपीत कुट्टी आणि कुत्ती सारखंच दिसतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. तमिळमध्ये कुट्टी म्हणजे लहान, पिल्लू, हे मला आज कळलं. कुत्र्याचं पिल्लू घ्यायला आलेल्या माणसाला आम्ही सतरा क्लिकमध्ये कडबा कुट्टी दाखवली आहे. मामांना अजून सांगितलं नाही.

तिरकस · मंगळवार, रात्री ९:५८

सतरापैकी एकानं जरी घेतली असती तरी मानलं असतं.

लातूरची_लेक · मंगळवार, रात्री १०:३५

मंठेकर, मन खट्टू करू नका. मी लातूरला एका क्लासची जाहिरात बघते. आम्ही देवनागरीत 'नीट' हा कीवर्ड टाकला होता. पुढचं ओळखा. 'रात्री नीट झोप येत नाही'. 'चपाती नीट फुगत नाही'. 'फोन नीट चार्ज होत नाही'. परीक्षेचं नाव आणि मराठीतलं रोजचं क्रियाविशेषण एकच, आणि हे कोणतंही टूल सांगत नाही. व्हॉल्यूम मात्र भरघोस दाखवतं! आता 'नीट क्लासेस', 'नीट कोचिंग लातूर', 'नीट रिपीटर बॅच' असे दोन-तीन शब्दांचेच घेते, फ्रेज (त्या अर्थाचे शब्द असलेले शोध) किंवा एक्झॅक्ट (नेमका त्याच अर्थाचा शोध) मॅचला. फ्रेजला अवतरणचिन्हं, एक्झॅक्टला चौकोनी कंस, विसरायचं नाही.

रेघेबद्दल: रेघ म्हणजे कुणीच शोधत नाही असं नव्हे, दाखवण्याइतका आकडा जमलेला नाही. एकच गोष्ट लोक पन्नास तऱ्हांनी बोलतात, प्रत्येक तऱ्हेच्या वाट्याला दोन-चारच शोध येतात. बोलून शोधणाऱ्यांचं तर विचारूच नका. तेवढ्यासाठी शब्द सोडू नका, पण वाक्यच्या वाक्य कीवर्ड म्हणून टाकलंत तर गूगल त्याला 'लो सर्च व्हॉल्यूम' म्हणून बाजूला बसवतं. 'कुट्टी मशीन' फ्रेज मॅचला घ्या, म्हणजे ते वाक्य त्यातच पकडलं जातं. आणि 'घरच्या लाईटवर चालते' हे जाहिरातीच्या मथळ्यात आणि ती जिथं उघडते त्या पानावर घाला.

सर्च कन्सोल जोडलंय का? साइटवर फुकटात येणारे लोक काय शोधून आले ते १६ महिन्यांपर्यंतचं दिसतं. जिल्हा कळत नाही, देशच कळतो. पण शब्द खरे असतात. फार थोड्या लोकांनी शोधलेले शब्द मात्र तिथंही लपवलेले असतात.

मंठेकर · बुधवार, सकाळी ७:१०

जोडलं काल रात्रीच. आता मागचं काही दिसत नाही, इथून पुढं साठेल. दोन वर्षांपूर्वी जोडायला पाहिजे होतं.

डिजिटल_गुरू_०७ · बुधवार, सकाळी १०:००

टूलला एवढे पैसे कशाला? ग्रुप बाय घ्या. सगळी टूल महिना पाचशेत. इच्छुकांनी मेसेज करा.

पैठणगेट · बुधवार, सकाळी १०:२०

मंठेकर, याच्या नादी लागू नका. एक लॉगिन शंभर जणांत वाटलेलं असतं, कंपनीच्या नियमात बसत नाही, कधी बंद पडेल सांगता येत नाही. आणि ज्या ब्राउझरमध्ये त्यांचं एक्स्टेन्शन टाकाल त्यातच मामांचं बँकेचं लॉगिन असतं, हे ध्यानात घ्या. संपादक मंडळ, जरा बघा.

संपादक · बुधवार, सकाळी ११:०५

वरील सदस्याला समज दिली आहे. धागा चालू द्या.

मंठेकर · गुरुवार, रात्री ९:३०

एक शंका. मी नकोशा शब्दांची यादी करायलोय, निगेटिव्ह कीवर्ड. 'मूव्ही', 'डॉग', 'पप्पी', 'डीलरशिप', 'होलसेल' टाकले. 'अनुदान', 'सबसिडी', 'योजना', 'महाडीबीटी' हेपण टाकू का? सर्च टर्म्समध्ये 'कडबा कुट्टी अनुदान' भरपूर आहे. ती माणसं फॉर्म शोधतात, मशीन नाही.

गोदाकाठ · गुरुवार, रात्री १०:०२

टाका. माझ्याकडं असंच 'सचखंड'चं झालं होतं. अमृतसरहून सचखंड एक्सप्रेसनं नांदेडच्या हुजूर साहिबला येणाऱ्यांना खोली लागते, म्हणून तो शब्द घेतला. क्लिक करणारे निघाले 'रनिंग स्टेटस' शोधणारे. गाडी कुठवर आली हे बघणाऱ्यानं माझ्या लॉजवर टिचकी मारायची आणि पैसे माझ्या गिऱ्हाइकाचे जायचे. 'स्टेटस', 'टाइम टेबल', 'पीएनआर' निगेटिव्हला टाकले तेव्हा कुठं थांबलं. फुकट माहिती शोधणारा आणि विकत घेणारा वेगळा काढलाच पाहिजे.

बालाघाट · शुक्रवार, सकाळी ६:४०

मला हे पटलं नाही. अनुदान शोधणारा म्हणजे घेणाराच की. महाडीबीटीवर अर्ज केला, पूर्वसंमती आली, की मशीन आधी आपल्या पैशानं घ्यावी लागती, बिल चढवावं लागतं, मग पैसे खात्यात. तवा दुकानदाराला पहिला प्रश्न काय, 'तुमची मशीन अनुदानात बसती का? टेस्ट रिपोर्ट हाय का?' तुम्ही त्यालाच दारातून हाकलून लावायले.

लातूरची_लेक · शुक्रवार, सकाळी ९:१५

बालाघाट दादांना +१. गोदाकाठ, गाडीचं स्टेटस बघणाऱ्यानं खोली कदाचित आधीच केलेली असते. अनुदानवाल्यानं मशीन अजून घेतलेली नसते. दोन्ही 'माहिती शोधणारे', पण एक खरेदी झाल्यानंतरचा, दुसरा आधीचा.

मंठेकर, त्याला बंद करू नका, वेगळा ॲड ग्रुप (त्या शब्दांना वेगळी जाहिरात) करा. बोली कमी ठेवा. जाहिरात उघडल्यावर होमपेज नको, अनुदानाचं साधं पान करा: कागदपत्रं कोणती, बिल कसं मिळतं, टेस्ट रिपोर्ट आहे. 'अर्ज', 'लॉगिन', 'निवड यादी' एवढेच निगेटिव्हला टाका.

गोदाकाठ · शुक्रवार, सकाळी ९:४०

मान्य. घाई केली मी. टेस्ट रिपोर्ट खरंच आहे ना, मंठेकर? नसेल तर ते पान करू नका, लोक जालन्याला येऊन भांडतील.

मंठेकर · शुक्रवार, दुपारी २:००

२ एचपी आणि ३ एचपीचा आहे. ५ एचपीचा नाही, तसं स्पष्ट लिहीन.

पैठणगेट · शुक्रवार, रात्री ८:४५

दोन गोष्टी राहिल्या. एक, लोकेशन सेटिंगमध्ये मुळात 'त्या भागात असलेले किंवा त्या भागात रस असलेले' असं निवडलेलं असतं. तुम्ही 'त्या भागात असलेले' एवढंच ठेवा. गोदाकाठांच्या लॉजचं गणित उलटं, तिथं पंजाबात बसून नांदेड शोधणाराच हवा. दुसरं, भाषा. तो पर्याय दिसत असेल तर नुसती मराठी निवडू नका. गावागावात कितीतरी फोन इंग्रजीतच सेट केलेले असतात, माणूस मराठी असला तरी. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही ठेवा. कीवर्ड मात्र ज्या लिपीत टाकाल त्याच लिपीतले राहतात, गूगल भाषांतर करून देत नाही. त्यामुळे 'कडबा कुट्टी' देवनागरीत, रोमनमध्ये, आणि 'कडबाकुट्टी' जोडून, असं सगळं टाका.

गूगल ट्रेंड्सचा उपयोग फक्त हंगाम बघायला करा. तिथले ० ते १०० हे शोधांचे आकडे नव्हेत, सगळ्यात वरच्या टोकाला १०० धरून केलेलं माप आहे. जिल्ह्यापुरतं बघायला गेलात तर हाती फारसं काही लागत नाही. महाराष्ट्र धरून पाच वर्षांचं बघा. तिथं 'यूट्यूब सर्च'ही निवडता येतं. शेतकरी मशीन आधी यूट्यूबवरच बघतो.

बालाघाट · शुक्रवार, रात्री ९:२०

हंगाम बघायला ट्रेंड्स कशाला? फेब्रुवारी-मार्चात ज्वारी निघाली की कडबा घरी येतो. तवा मशीन आठवती.

तिरकस · शुक्रवार, रात्री ९:२५

बालाघाट यांना महिना शंभर डॉलर सुरू करा.

मंठेकर · सात आठवड्यांनंतर, रविवार, रात्री १०:१०

उशिरा येतोय, माफ करा. टूल घेतलं नाही.

केलं ते असं. फोन घेणाऱ्या पोराच्या टेबलावर दोनशे पानी वही ठेवली. समोरचा पहिलं वाक्य काय बोलतो तेवढंच लिहायचं, त्याच्याच शब्दांत. वही आता ग्रीसनं काळी झालीय, पण त्यातली वाक्यं बघा: 'कुट्टी किती बारीक होती?' 'मक्याची हिरवी कुट्टी होती का, मुरघासाला पाहिजे.' 'पातं कुठं मिळतं?' हा शेवटचा तर आमच्या डोक्यातच नव्हता. मशीन दुसऱ्याची आणि पातं आमच्याकडं मागतात! प्लॅनरमध्ये 'कडबा कुट्टी पाते' टाकलं, जालना-बीड-परभणीत १० ते १०० चा टप्पा आणि बोली एकदम कमी. त्याचा वेगळा ग्रुप केला. सगळ्यात स्वस्त फोन तिथूनच येतात. मामांनी पात्यांचा साठा वाढवलाय.

चारशेतले एकतीस कीवर्ड उरलेत. लखनौचा फोन महिनाभरात एकही नाही. अनुदानाच्या पानावरून आतापर्यंत पाच मशीन गेल्या, बिलं मीच केली म्हणून खात्रीनं सांगतो. मुरघासाच्या शब्दांचाही ग्रुप केला होता, तो मात्र आपटला. क्लिक येतात, पण त्यांना मोठी ट्रॅक्टरवरची मशीन पाहिजे असते, ती आम्ही बनवत नाही. परवा बंद केला.

कुत्तीचं प्रकरण मामांना कळलं. पोरानं वाचून दाखवलं. दोन दिवस कारखान्यात कुणी काम केलं नाही, नुसतं हसत होते.

पैठणगेट · रविवार, रात्री १०:३२

पात्यांचं भारी. आमच्या टूलमध्ये आत्ताच बघितलं, 'कडबा कुट्टी पाते' भारतभर शून्य दाखवतंय.

बालाघाट · सोमवार, सकाळी ६:५५

ते समदं ठीक हाय. पण तुमची मशीन घरच्या लाईटवर चालती का नाही, ते अजून कुणी सांगितलं नाही.

मंठेकर · सोमवार, सकाळी ८:००

२ एचपीची चालते दादा. पण मीटरपासून वायर चांगली जाड पाहिजे, आणि तेव्हा गिरणी-बोअर चालू नको. चाळीस शेळ्यांना दिवसातून एक तास पुरे. गुरुवारी टेम्पो बीडकडं निघतोय, येऊ का घेऊन?